टाळाचा पंचनामा

मोताळ्यात ग्रेडरसाहेबांच्या घरी गेलेल्या माणसाला पाण्याच्या आधी एक प्रश्न विचारला जातो.

"चुंबक हाय काय खिशात?"

नाही म्हणून उपयोग नसतो. साहेबांच्या हातात शाळेच्या विज्ञानपेटीतलं एक छोटं होकायंत्र असतं. ते आधी शर्टाच्या खिशावरून फिरतं, मग पॅन्टच्या दोन्ही खिशांवरून. काटा हलला की मोबाइल, किल्ल्या, चष्म्याचं घर, जे काही असेल ते ओट्यावरच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायचं आणि मगच उंबरा ओलांडायचा. मतदारयादी तपासायला आलेल्या एका गुरुजींच्या पोटापाशी काटा हलला. बक्कल लोखंडाचं होतं. गुरुजींनी यादीतली नावं वाचली ती एका हातानं पॅन्ट धरून.

ही तपासणी आतल्या खोलीतल्या एका लाकडी कपाटासाठी आहे. कपाटात चौदा कॅसेट आहेत.

साहेबांचं नाव दिगंबर तायडे. ते आता फक्त विजेच्या बिलावर दिसतं. तेहतीस वर्षं ते कापसाचे ग्रेडर होते. सरकी आणि रुई वेगळी करणाऱ्या यंत्रांच्या शेजारी, जिनिंगच्या आवारात, त्यांचं टेबल असे. कापसाची गाडी आली की ते वरच्या थराकडे पाहतही नसत. बाही दुमडून हात कोपरापर्यंत आत घालायचा, तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून मूठभर कापूस काढायचा, दोन्ही अंगठ्यांत धरून धागा ओढून पाहायचा आणि शेवटी तो गालाला लावायचा. पाणी मारलेला कापूस डोळ्यांना फसवतो, गालाला फसवत नाही, असं त्यांचं म्हणणं. अशा मालासाठी त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं: "वरून पांढरं, आतून वल्लं."

निवृत्तीनंतर कापूस सुटला, पण हात सुटला नाही. किराणा दुकानात ते गव्हाच्या पोत्यात कोपरापर्यंत शिरतात. आंब्याची पेटी खालून उघडायला लावतात. लग्नाच्या पंगतीत वाढलेल्या भाताच्या मुदीत मधोमध बोट घालून पाहतात. मुलीसाठी स्थळ आलं, तेव्हा मुलगा त्यांनी तीन ठिकाणी तपासला: त्याच्या कचेरीत, त्याच्या घरी आणि न सांगता सलूनमध्ये, तोंडाला साबण लावलेला असताना.

"कसा काय वाटला?" शांताकाकूंनी विचारलं.

"मध्यम धाग्याचा हाय," साहेब म्हणाले. "चालते."

शांताकाकू म्हणजे साहेबांच्या पत्नी. त्यांचं माहेर जालन्याच्या वाटेवरच्या सुलतानपूरकडचं. चाळीस वर्षं मोताळ्यात काढूनही त्यांनी आपली बोली सोडलेली नाही. साहेब 'काऊन' म्हणतात तिथे त्या 'कशामुळं' म्हणतात आणि दोघंही एकमेकांना गावंढळ समजतात.

कॅसेटच्या बाबतीत साहेबांचे नियम कडक आहेत. कॅसेट पूर्ण हवी. ज्या क्रमानं गाणी भरली त्याच क्रमानं ऐकायची. पुढे पळवायची नाही. पुतण्यानं एकदा हौसेनं वेगवेगळ्या कॅसेटमधली निवडक गाणी एकत्र भरून आणून दिली. साहेबांनी एक बाजू ऐकून ती परत केली. "सरमिसळ माल हाय," ते म्हणाले. "रुईची गठाण एका शेतातली पायजे." तोच पुतण्या मोबाइलवर हजारो गाणी आहेत असं सांगायला लागला, तेव्हा साहेबांनी विचारलं, "तोलली कोनं?"

कॅसेटवर छापलेली नावं ते वापरत नाहीत. त्यांची नावं निराळी आहेत. एक आहे 'बदलीची'. दूरच्या केंद्रावर बदली झाली त्या वर्षी ते एका खोलीत एकटे राहत. तिथे ही सनईची एकच कॅसेट होती. साहेबांनी ती लावली की काकू स्वयंपाकघरातून विचारतात, "आज काय बिनसलं?"

दुसरी 'परत केलेली'. एका हंगामात मलकापूरकडच्या एका व्यापाऱ्यानं साहेबांच्या टेबलावर कव्वालीची नवी कोरी कॅसेट ठेवली आणि त्याच्या मागोमाग ओल्या कापसाच्या दोन गाड्या आवारात आल्या. साहेबांनी कॅसेट घरी नेली. आत काही दडवलंय का ते पाहायला म्हणून दोन्ही बाजू ऐकल्या. सकाळी कॅसेट परत पाठवली आणि गाड्याही परत पाठवल्या. मग तीच कॅसेट स्वतः विकत घेण्यासाठी ते तीन महिने हिंडले. अखेर ती देऊळगाव राजाला, बालाजीच्या यात्रेत, एका टोपलीच्या तळाशी मिळाली. टोपलीत अर्थातच हात कोपरापर्यंत घातला होता.

चौदावी कॅसेट 'घरची'. हे प्रकरण त्याच कॅसेटचं आहे.

काकूंच्या माहेरी महिलांचं एक भजनी मंडळ होतं. काकूंच्या लग्नाच्या आदल्या वर्षी त्या मंडळानं जालन्याला जाऊन एका लहान स्टुडिओत स्वतःची कॅसेट काढली. वेष्टणावर नऊ बायका ओळीत उभ्या आहेत. नववी काकू. छापताना कागद सरकल्यामुळे त्या अर्ध्याच आल्या आहेत. काकूंना गाता येत नाही. "माझा आवाज म्हणजे दाराची बिजागरी," त्या स्वतःच सांगतात. पण लय पक्की, म्हणून मंडळानं त्यांच्या हातात टाळ दिला. पूर्ण कॅसेटमध्ये आठ बायका गातात आणि काकूंचा एक शब्द नाही. त्यांचा फक्त टाळ आहे. तिसऱ्या भजनात तर तो पहिली दोन कडवी नसतोच; दुसरं कडवं संपलं की येतो. स्थळ पाहायला गेलेल्या साहेबांना सासरच्यांनी ही कॅसेट दिली होती. "ती पण यांनी तीन ठिकाणी ऐकली, मग होकार कळवला," असं काकूंचं म्हणणं आहे. साहेबांनी ते कधी नाकारलेलं नाही.

गेल्या दिवाळीनंतर साहेबांनी जाहीर केलं की 'घरची' कॅसेटमधला टाळ चोरीला गेला आहे.

संशयित शेजारीच होता. साहेबांच्या घराला लागून साबीरभाईंचं दुकान आहे. मंडपवाल्यांचे कर्णे आणि वरातीतले मोठमोठे स्पीकर ते दुरुस्त करतात. मधली भिंत एकच. भिंतीच्या अलीकडे कपाट, पलीकडे खिळ्याला टांगलेले कर्णे. चुंबकाजवळ कॅसेट खराब होते, हे साहेबांना माहीत होतं. मग ओट्यावर उभं राहून, चार लोकांना ऐकू जाईल अशी झडती सुरू झाली.

"साबीर, भिंतीले किती कर्णे टांगले बे?"

"अकरा, साब."

"समद्यात चुंबक?"

"चुंबकाबिगर कर्णा बोलन कसा?"

"मंग माहा टाळ कुठं गेला?"

"साब, टाळ तुमचा, भिंत तुमची, कान तुमचे. म्या काय केलं?"

"वरून पांढरं, आतून वल्लं!" साहेब गर्जले.

असं दर दोन-तीन दिवसांनी होऊ लागलं. लोक थांबून ऐकत. साहेब त्यांतल्या एखाद्याला आत बोलावत, होकायंत्र फिरवत आणि कॅसेट ऐकवत. होकायंत्राचा कारभार याच काळातला. काकू सगळ्यांना चहा देत.

मी तीन घरं सोडून राहतो. एका वर्तमानपत्राला तालुक्याच्या बातम्या देण्याचं काम मी बरीच वर्षं केलं आहे. त्यामुळे रीतसर पंचनाम्यासाठी साहेबांनी मला बोलावलं. "तुह्या हातचं लिहिलेलं लोक खरं मानतात," ते म्हणाले. "काऊन मानतात ते मले माहीत नाही."

तक्रारीत पहिल्यापासून एक गोष्ट खटकत होती. चुंबकानं कॅसेट बिघडते, हे मान्य. पण पखवाज, पेटी आणि आठ बायकांचे आवाज जागच्या जागी सोडून त्यानं एकटा टाळ कसा उचलला? चोरानं घर फोडून फक्त मिठाची बरणी न्यावी, तसं हे होतं.

पंचनाम्याच्या दिवशी काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. साहेबांनी तिसरं भजन लावलं. दोन कडवी झाली. टाळ आला. स्वच्छ, ठणठणीत, प्रत्येक समेवर.

"ऐकू येतो," मी म्हणालो.

"काय ऐकू येते?"

"टाळ."

"कुठं?"

"आत्ता वाजतोय."

साहेबांनी टेपरेकॉर्डरच्या जाळीला कान लावला. मग दुसरा कान लावला. मग मान वर करून त्यांनी आधी माझ्याकडे नाही, दाराकडे पाहिलं. काकू पदराला हात पुसत होत्या.

"तुले बी साबीरनं चहा पाजला काय?" साहेब एकदम मोठ्यानं म्हणाले. "लिही. पंच फितूर."

त्या अर्ध्या तासात आणखी दोन गोष्टी झाल्या. त्या मी वहीत नोंदवल्या. ओट्यावरच्या डब्यात माझा फोन वाजला. त्याची घंटी बारीक आहे. काकूंनी आतून सांगितलं, "भाऊ, तुमचा फोन." साहेबांनी विचारलं, "कोनाचा?" थोड्या वेळानं साहेबांनी अचानक कॅसेट थांबवली आणि म्हणाले, "ट्रॅक्टर जाऊ दे." ट्रॅक्टर मला ऐकू आला तो त्यानंतर.

म्हणजे जाड आवाज साहेबांना माझ्या आधी ऐकू येत होता आणि बारीक आवाज येतच नव्हता. टाळ कॅसेटमधून गेलेला नव्हता.

प्रश्न असा होता की साहेबांना हे माहीत आहे का. तेहतीस वर्षं वरच्या थरावर विश्वास न ठेवलेला माणूस स्वतःच्या कानांत कोपरापर्यंत हात घालणार नाही, हे पटण्यासारखं नव्हतं. साबीरभाईही खटकत होते. त्यांच्यावर आठवड्यातून दोनदा चोरीचा आळ येत होता आणि त्यांनी एकदाही आवाज चढवला नव्हता. कर्णे त्यांनी दुसऱ्या भिंतीवर हलवले असते तरी तक्रार मिटली असती. तेही त्यांनी केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास मी साबीरभाईंच्या दुकानात गेलो. पुढे कोणी नव्हतं. मागच्या बाजूला, एका उपड्या स्पीकरवर चहा ठेवून, फिर्यादी आणि आरोपी एकाच बशीतली खारी खात होते.

"घ्या," साबीरभाई म्हणाले. "पत्रकार आले. आता छापा."

साहेबांनी खारी खाली ठेवली नाही. "बस," ते मला म्हणाले. "तसा बी तू फितूरच हायेस."

साबीरभाईंनीच सांगायला सुरुवात केली. "दिवाळीले आले होते साब. खरंखुरं भांडाले आले होते तवा. म्हने तुह्या चुंबकानं टाळ गेला. म्या म्हटलं, चला, तपासू. कर्णा तपासाची एक शिट्टी असते मोबाइलमध्ये, लय बारीक. ते लावली. दुकानात दोन गिऱ्हाइकं होते, दोघाइनं कान झाकले. आन् साब म्हने, 'चालू कर ना बे!'"

साबीरभाई हसले नाहीत. साहेब हसले.

"बुलडान्याच्या डाक्टरनं बी तेच सांगतलं," साहेब म्हणाले. "जिनिंगची मशीन तेहतीस वर्षं कानापाशी. बारीक आवाज गेले. जाड राह्यले."

"कानाचं यंत्र?"

"लावून पाह्यलं ना. टाळ आला, पन ताटलीवानी. तो तिचा नाही. नमुना जुळत नाही."

"मग साबीरभाईंवर आळ कशाला?"

साहेबांनी खारी चहात बुडवली. "आठ बाया गातात त्याच्यात," ते म्हणाले. "तिचं काय हाय? एक टाळ हाय. तोच मले ऐकू येत नाही, असं सांगू तिले? चोरी झाली म्हटलं तं टाळ हाय कुठंतरी. कोनं तरी नेला. असं तं राह्यते."

"म्याच म्हटलं, माहं नाव घ्या," साबीरभाई म्हणाले. "आवाजाच्या पायी पुरा तालुका माह्या नावानं बोंबलते. त्याच्यात एक आनखी."

"पन लिहून पायजे," साहेब म्हणाले. "तोंडी गोष्टीवर तिचा भरोसा नाही. माह्यासंगं राहून राहून तिले बी सवय लागली."

माझ्यासमोर दोन पर्याय होते. खरं लिहिणं किंवा न लिहिणं. साहेबांनी तिसरा पुढे केला. मी तो लिहून काढला. पंचनाम्यात दोन वाक्यं होती: 'सदर कॅसेटमधील तिसऱ्या भजनातला टाळ ऐकू येत नाही. शेजारील दुकानातल्या चुंबकांवर संशय आहे.' पहिल्या वाक्यात, कोणाला ऐकू येत नाही, ते लिहिलेलं नव्हतं. म्हणून ते खोटं म्हणता येत नाही. दुसरं वाक्य खोटं होतं. संशय कोणाचाच नव्हता.

पंचनाम्याला दुसरा साक्षीदार लागतो. घरी येऊन साहेबांनी कागद काकूंपुढे ठेवला. काकूंनी चष्मा लावला आणि दोन वाक्यं वाचायला त्यांना माझ्या अंदाजापेक्षा जास्त वेळ लागला. मग त्यांनी सही केली. ठळक, पूर्ण नावाची.

साहेब आमच्याकडे पाठ करून पेन्सिलीनं कॅसेटची सैल फीत गुंडाळत होते. काकूंनी आवाज मुद्दाम लहान केला नाही. फक्त साहेबांकडचं तोंड माझ्याकडे वळवलं; तेवढ्यानं तो बिजागरीसारखा बारीक आवाज साहेबांपर्यंत पोहोचणार नव्हता.

"तिसरं भजन लागलं की हे इथून हाक मारायचे," त्या म्हणाल्या. "बरोबर टाळ आला की. 'शांते, आलीस पाह्य!' मी पोळ्या लाटत असू दे, नाही तर भांडी घाशीत असू दे. इतक्या वर्षांत एकदा चुकले नाहीत. या दिवाळीत हाक मारली, तेव्हा टाळ यायला पुरतं एक कडवं बाकी होतं."

"मग तुम्ही काय केलं?"

"काय करणार? म्हणलं, हो, आले." काकूंनी चष्मा काढला. "तेव्हापासून हाक बंदच केली यांनी. अन् दुसऱ्या दिवशी साबीरभाऊंच्या नावानं आरडाओरडा."

"तुम्हाला हे माहीत होतं, तर सही कशाला केली?"

"साबीरभाऊंनी चोरला म्हणून तर माणसं येतात, भाऊ. ते कोपऱ्यावरचे टेलर येऊन गेले. दूधवाला दोनदा बसला. मास्तरांची सून आली, ती तर म्हणली, काकू, काय ठेका आहे तुमचा! नाही तर इतक्या वर्षांत तो टाळ ऐकला कोणी? यांनी एकट्यांनी."

एवढं बोलून त्यांनी कोनाड्यातून निवडायच्या गव्हाचं ताट घेतलं. रोज त्या ते स्वयंपाकघरात घेऊन बसतात. आज त्या साहेबांच्या समोर, दोन हातांच्या अंतरावर, भिंतीला टेकून बसल्या.

"लावा की," त्या स्पष्ट, थोड्या जाड आवाजात म्हणाल्या. "गुंडाळून झालं असेल तर."

"काऊन? तुले गहू निवडाले भजन लागते काय?"

"कशामुळं नाही लागणार?"

साहेबांनी कॅसेट लावली. पहिलं भजन झालं, दुसरं झालं. नियमाप्रमाणे काहीही पुढे पळवलं नाही. तिसरं सुरू झालं. काकू खाली मान घालून खडे वेचत होत्या. पहिलं कडवं गेलं. दुसरं संपत आलं. साहेबांचे डोळे एरवी कॅसेटच्या फिरत्या चाकांवर असतात. आता ते तिकडे नव्हते.

टाळ आला आणि त्याच क्षणी काकूंचं बोट ताटाच्या काठावर पडलं. मग पुन्हा, पुढच्या समेवर. त्यांनी वर पाहिलं नाही. उजव्या हातानं गहू सारणं चालूच होतं. डाव्या हाताचं ते एक बोट उठत होतं आणि पडत होतं.

साहेब ताटाकडे पाहत होते. चार-पाच ठोके गेल्यावर त्यांची मान हलू लागली. ठेका कुठेही चुकत नव्हता.